पिसवा दिसतात अंगावर, वाढतात घरात

दोन आठवडे आम्ही बाहेरगावी होतो. कुत्रा आणि मांजर दोघांनाही एका मैत्रिणीकडे ठेवलं होतं. परत आलो, कुलूप काढलं, बॅगा खाली ठेवल्या आणि दोन मिनिटांत घोट्यांना टोचायला लागलं. खाली बघते तर पांढऱ्या मोज्यांवर तिळाहून बारीक काळपट ठिपके, आणि ते ठिपके उड्या मारतायत. पंधरा दिवस घरात ना जनावर ना माणूस, मग ही फौज आली कुठून?

त्याआधीचे दोन महिने मी दर रविवारी बंड्याला, म्हणजे आमच्या कुत्र्याला, पिसवांच्या शांपूने घासून अंघोळ घालत होते. चिमी मांजर असल्यामुळे तिला जमेल तेवढं फणीने विंचरायचं. सोमवारी दोघं छान, गुरुवारी पुन्हा खाजवाखाजवी सुरू. मला वाटलं शांपूच पाणचट आहे, म्हणून तीनदा बदलला. शांपूचा काही दोष नव्हता. घरातल्या एकूण पिसवांपैकी फार तर विसावा हिस्सा मी मारत होते आणि उरलेल्यांचा मला पत्ताच नव्हता.

तुमच्या घरी हे पहिल्यांदाच होत असेल तर खालच्या पायऱ्या क्रमाने करा. मधली एखादी गाळली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं, हे मी करून बसले आहे.

१. खाज पिसवांचीच आहे का, ते आधी बघा

बारीक दातांची फणी घ्या. शेपटीच्या बुंध्याशी, मानेमागे, पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला फणी कातडीला टेकवून फिरवा. फणीत आलेला कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर झटका आणि मिनिटभर थांबा. काळ्या कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे. विष्ठा म्हणजे पचलेलं रक्तच, म्हणून रंग सुटतो. साध्या मातीला सुटत नाही. एकही पिसू दिसली नाही तरी हा डाग पुरेसा पुरावा आहे.

मांजराच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा. मांजर दिवसभर अंग चाटतं आणि चाटताना पिसवा गिळून टाकतं. चिमीच्या अंगावर मला कधीच पिसू दिसली नाही, फक्त पाठीवर खरखरीत बारीक खपल्या लागायच्या आणि पोटावरचे केस विरळ झाले होते. "हिला काही नाही, सगळं त्या बंड्याचं आहे" असं मी छातीठोकपणे सांगत होते.

गोचीड वेगळी, ऊ वेगळी. गोचीड कातडीला तोंड रुतवून एका जागी बसते आणि रक्त पिऊन टम्म फुगते. ऊ हळू चालते, तिच्या लिखा केसाला घट्ट चिकटलेल्या असतात. पिसू दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी, तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरची असते आणि केसांतून सरसर पळते. औषध प्रत्येकाला वेगळं लागू शकतं, म्हणून फोन करून "किडे झालेत, औषध सांगा" एवढंच म्हणू नका.

काही कुत्र्या-मांजरांना पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते. अशांना थोडे चावेही पुरतात. कुत्रा शेपटीच्या वर, कमरेपाशी चावून चावून कातडी सोलतो. पिसवा मोजक्या आणि जखमा मोठ्या दिसल्या तर हीच शंका घ्या.

२. पिसवांचा हिशेब समजून घ्या

ही पायरी वाचायची आहे, करायची नाही. पण हीच कळली नसल्यामुळे माझे दोन महिने गेले.

आपल्या घरांतल्या कुत्र्यांवर आणि मांजरांवर बहुतेक वेळा एकच जात सापडते, मांजर-पिसू. नाव मांजराचं असलं तरी कुत्र्यावर ती तितक्याच सुखाने राहते. मोठी झालेली पिसू एकदा अंगावर चढली की सहसा तिथून हलत नाही. पहिल्यांदा रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते, आणि रंगात आली की दिवसाला ४०-५० पर्यंत. अंगावर दहा माद्या धरा, दिवसाला ४० अंडी धरा. आठवड्यात २,८०० अंडी झाली.

ही अंडी चिकट नसतात. मोत्यासारखी पांढरी, गुळगुळीत, अर्ध्या मिलिमीटरची. प्राणी जिथे झोपतो, अंग झटकतो, उडी मारून उतरतो तिथे ती गळतात. सोबत विष्ठेचे काळे कणही गळतात. अंथरुणावर मीठ-मिरपूड सांडल्यासारखं दिसलं तर ते हेच. अंड्यातून निघणारी अळी ती विष्ठा खाऊन वाढते. म्हणजे आईने अंड्यांबरोबर शिदोरीही टाकलेली असते.

अळीला उजेड नको असतो. ती गालिच्याच्या मुळाशी, सोफ्याच्या फटीत, पलंगाखाली, फरशीच्या सांध्यांत शिरते. तिला दमटपणा लागतो. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली गेली की अळ्या टिकत नाहीत. उन्हाने तापलेल्या उघड्या जागेत म्हणूनच त्या सापडत नाहीत, सावलीतल्या ओलसर कोपऱ्यात सापडतात.

मग अळी स्वतःभोवती रेशमी, चिकट कोष विणते. त्याला धूळ आणि धागे चिकटले की तो कचऱ्यासारखाच दिसतो. या कोषात कीटकनाशक नीट पोचत नाही. आत पिसू तयार झाली तरी ती लगेच बाहेर येत नाही, गिऱ्हाईक येण्याची वाट बघते. अंगाची ऊब, पावलांचा हादरा, वरून पडलेला दाब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, यांतलं काही जाणवलं की काही क्षणांत बाहेर. नाही जाणवलं तर आठवडे, प्रसंगी काही महिनेसुद्धा आतच.

आमच्या बंद घरात हेच झालं होतं. पंधरा दिवस कोष पिकत राहिले आणि आम्ही पाय आपटत आत शिरलो.

किडीचा अभ्यास करणारे ढोबळ प्रमाण असं सांगतात: शंभरातली सुमारे ५० अंडी, ३५ अळ्या, १० कोष, आणि फक्त ५ मोठ्या पिसवा. शांपूने मी त्या पाचांच्या मागे लागले होते.

३. सामान जमवा

- बारीक दातांची धातूची फणी आणि साबणाचं पाणी घातलेला वाडगा (सापडलेली पिसू त्यात बुडवा, चिमटीत चिरडायला जाल तर निसटते)
- वजनकाटा. लहान प्राण्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग आपलं वजन वजा करा
- प्रत्येक प्राण्याचं वजन, वय, जात, चालू औषधं आणि आधीचे आजार लिहिलेला कागद. लसीकरणाचं कार्ड असेल तर तेही
- व्हॅक्यूम क्लीनर, फटीत शिरणाऱ्या चपट्या तोंडासकट
- अंथरुणं धुवायला गरम पाण्याची सोय
- भिंतीवरचं कॅलेंडर किंवा मोबाइलमधलं स्मरणपत्र

शेवटची वस्तू फालतू वाटेल. माझ्या घरी सगळ्यात जास्त काम तिनेच केलं.

४. औषध पशुवैद्याकडून ठरवून घ्या

तो कागद घेऊन जा. औषधाची मात्रा वजनावर ठरते, आणि "असेल दहा-बारा किलो" यात गडबड होते. मादी गाभण आहे का, पिल्लांना पाजते आहे का, पूर्वी कधी झटके आले होते का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

सर्वसाधारणपणे पुढचे प्रकार मिळतात. मानेवर थेंब टाकायची औषधं, ज्यांत फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड किंवा सेलामेक्टिन असतं. ही बहुतेक महिन्यातून एकदा. तोंडाने द्यायच्या गोळ्या, त्यांत ॲफोक्सोलानर, सारोलानर, लोटिलानर महिन्यातून एकदा, तर फ्लुरालानर पिसवांवर साधारण १२ आठवडे चालतं. या शेवटच्या चार औषधांचं कूळ एकच आहे. ती घेतलेल्या काही प्राण्यांत थरथर आणि झटके दिसल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. बहुतेकांना ती सोसतात, पण झटक्यांचा इतिहास असलेल्या प्राण्यासाठी हे बोलणं आधी झालंच पाहिजे. नायटेनपायराम नावाची गोळी अर्ध्या तासात पिसवा मारू लागते, मात्र एक-दोन दिवसांत तिचा असर संपतो. अंगावर खच पडलेला असेल तेव्हा सुरुवातीला ती कामाची, एकटीच्या भरवशावर राहू नका.

काही औषधांत एस-मेथोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन मिसळलेलं असतं. हे पिसवांची वाढ अडवतं, अंडी-अळ्या पुढे सरकत नाहीत. असं मिश्रण तुमच्या प्राण्याला चालेल का, हे आवर्जून विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचा सापळा. कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. कुत्र्यांच्या अनेक थेंबांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याचं शरीर ते पचवतं, मांजराचं यकृत पचवू शकत नाही. थरथर, तोल जाणं, झटके, आणि उपचार मिळाले नाहीत तर मृत्यू. "मोठ्या कुत्र्याची ट्यूब आहे, त्यातलं अर्धंच लावते" हा हिशेब इथे लागू पडत नाही, कारण प्रश्न मात्रेचा नसून औषधाचा आहे. कुत्र्याला परमेथ्रिन लावलं असेल तर मांजर त्याला चाटणार नाही, त्याच्या कुशीत झोपणार नाही, एवढा वेळ दोघांना वेगळं ठेवा. आमची दोघं एकमेकांना चिकटूनच झोपतात, म्हणून डॉक्टरांनी बंड्यालाही परमेथ्रिन नसलेलं औषध दिलं. घरात ससा असेल तर तेही सांगा, फिप्रोनिल सशाला चालत नाही.

मांजराला चुकून लागलंच तर लक्षणांची वाट बघू नका. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या सौम्य साबणाने ते धुवून काढा आणि वेष्टन हातात घेऊन तडक दवाखाना गाठा. थरथर सुरू झाली असेल तर धुण्यात वेळ न घालवता थेट निघा.

घरगुती उपायांबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण यावर माझे बरेच वाद झालेत. लसूण खायला घालू नका, त्याने कुत्र्या-मांजरांच्या लाल रक्तपेशी फुटतात. टी ट्री आणि तत्सम सुगंधी तेलं विषारी ठरू शकतात, मांजराला तर फारच. रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्या हे अंगाला किंवा अंथरुणाला लावायचे पदार्थ नव्हेत. "नैसर्गिक आहे" हे कोणत्याही बाटलीच्या बाजूने प्रमाणपत्र समजू नका.

५. थेंब नीट टाका

घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच दिवशी. "तिला खाज नाही" म्हणून एकाला सोडलं की तोच प्राणी पिसवांची खानावळ होतो.

डोक्याच्या खाली, मानेच्या वरच्या टोकाला, जिथे त्याची स्वतःची जीभ पोचत नाही, तिथले केस दोन्हीकडे करा. कातडी दिसली पाहिजे. ट्यूबचं तोंड कातडीला टेकवून पूर्ण रिकामी करा. पहिल्या वेळी मी केसांवरच ओतलं. केस ओले झाले, कातडी कोरडी राहिली.

बहुतेक थेंबांच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ टाळायची असते. शांपूने कातडीवरचा तेलकट थर जातो आणि बरीच औषधं त्याच थरातून अंगभर पसरतात. वेष्टनावरची सूचना वाचा, प्रत्येकाची थोडी वेगळी असते. जागा सुकेपर्यंत मुलांना हात लावू देऊ नका.

६. त्याच दिवशी घर हाती घ्या

आधी सगळी अंथरुणं, चादरी, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं, प्राण्यांच्या गाद्या काढा. गोळा करताना झटकू नका, गुंडाळी करून पिशवीत भरा. झटकलं की अंडी घरभर. ६० अंशांच्या आसपासच्या पाण्यात धुवा, कापडाला सोसत असेल तर. नंतर दर आठवड्याला.

मग व्हॅक्यूम. गालिचे, सोफ्याच्या गाद्यांखालच्या फटी, पलंगाखालचा भाग, भिंत आणि फरशी मिळते ती कड, प्राण्याच्या आवडत्या खिडकीचा कट्टा, गाडीची मागची सीट. व्हॅक्यूमने कोष सगळे निघत नाहीत, पण त्याच्या हादऱ्याने आतल्या पिसवा बाहेर पडतात, आणि बाहेर पडलेली पिसू मारणं सोपं असतं. पहिले दोन आठवडे शक्य तर रोज करा, नंतर एक दिवसाआड. पिशवी किंवा डबा लगेच घराबाहेर रिकामा करायचा, तोंड बांधून. हे मी एकदा विसरले आणि कपाटातल्या व्हॅक्यूममध्ये पिसवा जोपासत बसले.

प्रादुर्भाव मोठा असेल तर घरात मारायचा फवारा लागतो. वाढ रोखणारा घटक असलेलाच निवडा, नाहीतर पुन्हा फक्त मोठ्या पिसवा मरतील. आधी व्हॅक्यूम, नंतर फवारा. फवारा मारताना आणि तो पूर्ण सुकेपर्यंत प्राणी, मुलं, पक्षी बाहेर. मत्स्यालय झाका आणि हवेचा पंप बंद ठेवा, नाहीतर मासे त्या खोलीतच सोडू नका. परमेथ्रिनसारख्या औषधांपुढे मासे टिकत नाहीत. खोलीच्या मध्यभागी ठेवून द्यायचे धुराचे डबे मला पटत नाहीत. धूर वरून खाली बसतो, अळ्या पलंगाखाली असतात.

७. आता पिसवा दिसतीलच, घाबरू नका

इथे लोक हार मानतात. औषध लावून दहा दिवस झाले, घर घासून काढलं, आणि सोफ्यावर पुन्हा पिसू! लगेच दुसरं औषध आणतात, पहिल्यावर दुसरं लावतात. हे करू नका, त्याने प्राण्याला विषबाधा होऊ शकते.

ही पिसू आधीच्या कोषातली आहे. कोषांवर कशाचाच इलाज नाही, ते उघडण्याचीच वाट बघायची. साधारण दोन ते आठ आठवडे अशा नव्या पिसवा निघत राहतात, त्या औषध लावलेल्या कुत्र्या-मांजरावर चढतात आणि पुष्कळ अंडी घालण्याआधी मरतात. म्हणून प्राण्यांना खोलीतून हाकलू नका. औषध लावलेला प्राणी घरभर फिरला की तोच तुमचा सापळा.

आकडा कमी होतोय का, हे मोजा. पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून खोल्यांतून दहा मिनिटं फिरा आणि किती चढल्या ते कॅलेंडरवर लिहा. रात्री दिव्याखाली साबणाच्या पाण्याची थाळी ठेवली तरी काही उजेडाकडे येऊन त्यात पडतात. याने घर साफ होत नाही, अंदाज येतो. आमच्या नोंदी अशा होत्या: २३, १७, १९, ८, ३, ०, १, ०. त्या १९ च्या दिवशी मी रडायच्या बेतात होते.

सलग तीन महिने औषध चुकवू नका. दुसऱ्या महिन्यात सगळं शांत वाटतं आणि नेमकी तीच ट्यूब राहून जाते.

८. पिल्लं, जंत आणि दवाखान्याची वेळ

अगदी लहान पिल्लाला मोठ्याचं औषध नाही. प्रत्येक औषधाला किमान वय आणि वजन असतं, काही आठ आठवड्यांपासून चालतात, काही त्याआधी. तोवर दिवसातून दोनदा फणी, अंग कोरडं आणि उबदार, अंथरूण रोज धुतलेलं. हिरड्या फिकट किंवा पांढरट दिसल्या आणि पिल्लू मरगळलं तर त्याच दिवशी डॉक्टर. एवढ्याशा जिवाचं रक्त पिसवा खरोखर संपवतात.

पिसू गिळली की तिच्यातून चपट्या जंताची लागण होते. गुदद्वाराजवळ किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तर जंताचं औषध मागून घ्या, आणि ते पिसवांच्या औषधासोबतच. नुसतं जंताचं दिलं तर पुढच्या गिळलेल्या पिसूबरोबर जंत परत.

माणसाला पिसवा चावतात, घोट्याभोवती पुंजक्याने लाल पुळ्या येतात, पण त्या आपल्या अंगावर घर करत नाहीत. मांजराच्या ओरखड्यातून होणारा बार्टोनेला नावाच्या जिवाणूचा संसर्ग मात्र पिसवांच्या विष्ठेमुळेच पसरतो. ओरखडा साबणाने धुवा. त्यानंतर ताप आला किंवा गाठी सुजल्या तर आपल्या डॉक्टरांना मांजराबद्दल सांगा.

९. नंतरची राखण

घरातच राहणाऱ्या मांजरालाही पिसवा होतात, आपल्या कपड्यांवरून, पाहुण्या कुत्र्यावरून, जुन्या घेतलेल्या गालिच्यातून. उबदार हवेत वर्षभर औषध चालू ठेवावं लागतं, कडक थंडीच्या ठिकाणी काय करायचं ते पशुवैद्याला विचारा. घर गरम असेल तर थंडीतही पिसवा तगतात. आठवड्यातून एकदा फणी आणि ओला कागद. नवा प्राणी आणला तर आत सोडण्याआधी हीच तपासणी.

आणि घर बंद ठेवून जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी व्हॅक्यूम करून पिशवी बाहेर टाका. मी आता परत आल्यावर पांढरे मोजे चढवूनच आत शिरते. बॅगा दारातच राहतात, आधी व्हॅक्यूम फिरतो, मग बंड्या आणि चिमीला आणायला जाते.